माईक बंद ठेवून



शनिवारच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या तक्रारींचे आपण इतक्या वर्षांत नकळत खण पाडून ठेवले आहेत. मारहाण, पोटगी, घरातून काढून देणं, मुलांचा ताबा. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी एक बाई आली, ती यांतल्या कुठल्याच खणात बसेना. शिवणकाम करून घराला हातभार लावणारी. म्हणाली, ‘‘ताई, पोरगी रात्री बारा-बारापर्यंत कॉम्प्युटरवर गेम खेळते. बंदुकांचा. कानाला ते लावून कुठल्या कुठल्या पोरांबरोबर असते. तिला जरा समजवा.’’ आमच्यातल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. खरं सांगायचं तर हसूच आलं. बाहेर बाकावर हात भाजलेली एक मुलगी बसलेली असताना गेमची तक्रार काय ऐकत बसायची!

पुढच्या शनिवारी मुलगी स्वतः आली. एकोणीस वर्षांची, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. आता उपदेश ऐकायचा आहे अशा तयारीनं खुर्चीच्या कडेला बसली. आमच्यातल्या एकीनं, समजवायचं म्हणून नव्हे, निव्वळ कुतूहल म्हणून विचारलं, ‘‘त्या पोरांशी तू बोलतेस तरी काय?’’

‘‘मी बोलतच नाही. माईक बंद ठेवते. नावपण मुलाचं घेतलंय.’’

‘‘का गं?’’

‘‘आवाज ऐकला की कळतं ना.’’

आमचं हसू तिथं संपलं. काय कळतं, हे तिला सांगावं लागलं नाही आणि आम्हाला विचारावं लागलं नाही. सातच्या आत घरात, खाली मान घालून रस्त्यानं चालणं, स्टँडवर भिंतीच्या कडेनं उभं राहणं हे सगळं करून आलेल्या बायका आम्ही. तिच्या रस्त्याची आम्हाला कल्पना नव्हती एवढंच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. (आमच्यातल्या बहुतेकींनी पाहिलेला नव्हता. तिनं आम्हाला तासभर दाखवला.) खेळाचं नाव व्हॅलोरंट. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीनं तो जून २०२० मध्ये आणला. फुकट खेळता येतो. पाच जणांची एक बाजू, पाच जणांची दुसरी. एका बाजूनं स्फोटक लावायचं, दुसरीनं ते लावू द्यायचं नाही किंवा निकामी करायचं. प्रत्येक फेरी दोनेक मिनिटांची, आधी तेरा फेऱ्या जिंकेल तो संघ विजयी. पाचही जण बहुधा एकमेकांना अनोळखी, यंत्रानं जोडी लावून दिलेले. कोणी नाशिकचा, कोणी लखनौचा. बंदुका, मारामारी हे सगळं त्यात आहे, आणि ते आम्हाला आवडलं असं मी म्हणणार नाही. पण तासाभरात एक गोष्ट लक्षात आली. हा खेळ डोळ्यांइतकाच कानांनी आणि तोंडानं खेळायचा आहे. शत्रू कुठल्या कोपऱ्यात दिसला, कोणाकडे बंदुकीपुरते पैसे नाहीत, आता थांबायचं की घुसायचं, हे क्षणात सांगावं लागतं. कबड्डीत साखळी धरताना कोपऱ्यातल्या गड्याला हाक मारावी लागते, तसंच. मुकं राहून साखळी कशी धरणार?

म्हणजे माईक बंद ठेवणारी मुलगी अर्धाच खेळ खेळते. संघ हरला की ‘हा एक बोलतच नाही’ म्हणून शिव्या तिला. माईक उघडला तर वेगळ्या. तिनं वहीत लिहून ठेवलेल्या काही आम्हाला दाखवल्या. स्वयंपाकघरात जा इथपासून सुरुवात. मग बॉयफ्रेंडच्या खात्यावरून खेळतेस का, इन्स्टाचं नाव सांग, परत बोल ना आवाज ऐकू दे. नाही म्हटलं की तोच आवाज एका वाक्यात बलात्काराच्या धमकीवर येतो. काही जण मुद्दाम हरतात, म्हणजे तिची क्रमवारी खाली जावी. आणि काही जण अतिशय गोड वागतात, स्वतःच्या पैशातली बंदूक तिला देतात, तिच्या पुढे उभे राहतात. ‘‘ते जास्त डेंजर,’’ ती म्हणाली. ‘‘दोन मॅचनंतर त्याचा हिशोब मागतात.’’ गोडवा दाखवून पुढे हिशोब मागणारे आपल्या परिचयाचे आहेत.

एखाद्याचा आवाज बंद करण्याची सोय खेळात आहे, तक्रार नोंदवायचीही आहे. पण त्याचा आवाज बंद केला की शत्रू कुठे आहे ही त्याच्याकडची माहितीही बंद होते. ज्यानं घाण बोललं त्याच्यावाचून खेळण्याचा तोटा पुन्हा तिलाच.

हे तिच्या एकटीच्या नशिबाचं नाही. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी हेलो ३ या खेळात एक साधा प्रयोग केला होता, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आधी ध्वनिमुद्रित केलेली तीच निरुपद्रवी वाक्यं एकदा पुरुषाच्या आवाजात, एकदा बाईच्या आवाजात खेळताना ऐकवली, आणि काही वेळा काहीच बोलले नाहीत. बाईच्या आवाजाला आलेले वाईट शेरे पुरुषाच्या आवाजाच्या किंवा मौनाच्या तिप्पट होते. त्यांतल्याच एकानं दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर २०१५ मध्ये याच माहितीकडे वेगळ्या बाजूनं पाहिलं, आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाईच्या आवाजावर सर्वांत जास्त तुटून पडणारे होते खालच्या दर्जाचे, हरत असलेले खेळाडू. जे चांगले खेळत होते ते तिच्याशी बरे वागत होते. पुरुषाच्या आवाजासमोर मात्र हेच हरणारे नमून असत. कारखाना बंद पडल्यावर घरात हात उगारणारे नवरे आपण गिरणगावात पाहिले आहेत. हा शोध आपल्याला परका वाटायचं कारण नाही.

मुलीच्या प्रामाणिकपणाची एक गोष्ट इथंच सांगून टाकते. एकदा तिच्या संघात एक मुलगा होता, ‘श’च्या जागी ‘स’ बोलणारा, इंग्रजी शब्द अडखळत उच्चारणारा. बाकीचे तिघे त्याला ‘गावठी’ म्हणून चिडवायला लागले, मग जातीवर गेले. तिनंही हसण्याची चिन्हं पाठवली. ‘‘माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं ना, म्हणून बरं वाटलं,’’ असं ती म्हणाली, आणि मग बराच वेळ गप्प बसली. आम्हीही तिला काही बोललो नाही. आपल्या बैठकांमध्ये कोणाच्या भाषेला हसलं जातं ते आठवत बसलो.

आता यंत्राकडे येते, कारण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तिथं आहे.

घरात नवा फ्रीज आला की जुना गावी जातो, तसा भावाला इंजिनिअरिंगसाठी नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुना हिच्याकडे आला. भावाचा त्याच्या खोलीत, टेबलावर, दार लावून घेता येईल असा. हिचा पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी. वायफायचा राऊटर भावाच्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे. सगळे पोहोचून तयार झाले की हिचा पडदा लोड होणार. ऐन मोक्याच्या क्षणी चित्र अडकणार, आणि सुटेल तेव्हा ही मेलेली असणार. मग कोणी तरी म्हणणार, ‘‘मुलगी असणार बघ.’’ माईक बंद असूनही! वाईट यंत्रावरचा वाईट खेळ हाच तिच्या बाईपणाचा पुरावा. दळणाचं जातं मोडकं द्यायचं आणि पीठ जाड आलं म्हणून सुनेला बोलायचं, त्यातला हा प्रकार.

आई तिला घेऊन एका दुकानात गेली होती. दुकानदारानं यंत्र उघडून पाहिलंच नाही. ‘हे सगळं भंगार’ म्हणून सांगितलं आणि पंचावन्न हजारांचा कागद लिहून दिला. त्यात पहिली ओळ ग्राफिक्स कार्डाची, दुसरी रंगीत दिवे लागणाऱ्या काचेच्या कॅबिनेटची. आईला वाटलं, गेम म्हणजे पंचावन्न हजार. तिथून ती सरळ आमच्याकडे तक्रार घेऊन आली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आमच्या गटात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली एक मैत्रीण आहे. आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या. ती म्हणाली, ‘‘आणा तो डबा इथं.’’ पुढच्या रविवारी केंद्रातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तिनं तो उघडला. मायलेकी दोघी उभ्या. मी जे पाहिलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्यापैकी अनेकींच्या केंद्रात असे डबे पडून आहेत.

आधी वायर काढली. मग बाजूचा पत्रा. आत राखाडी लोकर पिंजून ठेवावी तशी धूळ. प्रोसेसरवरचा पंखा दिसतच नव्हता. पंख्याचं पातं बोटानं धरून, रंगाच्या कोरड्या ब्रशनं तिनं ती काढली. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती वाळून चुन्यासारखी झाली होती. पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. दहा-पंधरा मिनिटं बरा चालून मग खेळ अडखळायला लागायचा, तो यामुळे. आई म्हणाली, ‘‘म्हणजे शिवणयंत्राला तेल घालतो तसंच की!’’ आणि तिनं ब्रश मागून घेतला.

मग यंत्र सुरू करून खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली. टास्क मॅनेजर उघडतो, त्यात कोणावर किती भार आहे ते दिसतं. ही तपासणी फुकट आहे आणि दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येकीनं करावी अशी आहे. जो भाग शंभर टक्क्यांना टेकला असेल तो अडथळा. हिच्या यंत्रात प्रोसेसर आणि रॅम टेकले होते, ग्राफिक्स कार्ड निम्मं रिकामं होतं. म्हणजे दुकानदाराच्या कागदावरच्या पहिल्या ओळीनं काडीचा फरक पडला नसता. हा खेळ मुळात हलका आहे, त्याचा भार कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त पडतो. सेकंदाला १४४ चित्रं हवी असतील तर कंपनी ज्या कार्डाची शिफारस करत आली ते २०१६ सालचं जीटीएक्स १०५० टीआय. आणि हिचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा. यंत्रानं दीडशे काढली तरी त्याला साठच दाखवता येतात. मॉनिटर आणि कार्ड यांचा विचार एकत्र करायचा, सुटा नाही.

तिनं मग काय केलं? आठ जीबीची एकच रॅम होती, तिला तशीच दुसरी जोड दिली. दोन पट्ट्या असल्या की ये-जा दोन वाटांनी होते. यंत्र २०१५च्या सुमाराचं, डीडीआर३ जातीचं, ती रॅम जुन्या बाजारात स्वस्त मिळाली. (नव्या रॅमचे भाव २०२५च्या अखेरीस भलतेच चढले. कारखान्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मोठी गिऱ्हाइकं मिळाली, त्याची झळ पॅसेजमधल्या मुलीपर्यंत!) फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, त्यामुळे लोड व्हायला लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. आणि राऊटरपासून पॅसेजपर्यंत भिंतीच्या कडेनं पंधरा मीटरची साधी लॅन केबल ओढली. सर्वांत जास्त फरक पडला तो बहुधा या केबलनं. चित्र अडकणं आणि संदेश उशिरा पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली यंत्राची, दुसरी जोडणीची, आणि दुसरीवर कितीही महागडं कार्ड हा उपाय नाही. सगळं मिळून खर्च साडेचार हजारांच्या आत. आधी चाळीस-पन्नासवर हेलकावणारा चित्रांचा आकडा साठच्या वर स्थिर झाला.

यापेक्षा जास्त पैसे या डब्यात घालू नका, असं मैत्रिणीनं बजावलं. विंडोज १०च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि हा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, आणि टीपीएम २.० हवं. तेव्हा उरलेले पैसे बाजूला टाकून वर्ष-दीड वर्षानं एखाद्या कार्यालयातून निघालेला त्या पिढीचा जुना संगणक घ्यावा. पुढे कधी कार्ड बसवायचं झालं तर आधी एसएमपीएस बदलावा, स्वस्तातल्या बिननावाच्या एसएमपीएसवर मोठं कार्ड चालवणं म्हणजे कमकुवत फ्यूजवर गिरणी. आपल्या संस्थांना कंपन्या देणगी म्हणून संगणक देतात तेव्हाही हे विचारायला हवं. पिढी कितवी? नसता त्यांचं भंगार आपण हार घालून स्वीकारतो.

एक साधी गोष्ट सांगायची राहिली. पॅसेजमधला डबा भावाच्या खोलीतल्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हलवला असता तर केबल लागलीच नसती. हा उपाय आमच्या मैत्रिणीनं सर्वांत आधी सुचवला होता. त्यावर घरात काय झालं ते मी लिहीत नाही, तुम्हाला कळलं असेल.

यंत्र बरं झालं. ती बरं खेळू लागली. आणि एक दिवस तिनं माईक उघडला. पहिल्या सामन्यात कोणी काही बोललं नाही, दुसऱ्यात जुनंच सगळं. उलट आता ती जिंकवून देत होती म्हणून नवा आरोप, काहीतरी लबाडी करते. इथं दक्षिण कोरियाच्या किम से-यॉनची आठवण येते. खेळातलं तिचं नाव गेगुरी, म्हणजे बेडूक. २०१६ साली, सतरा वर्षांची असताना, ओव्हरवॉच या खेळात तिचा नेम इतका अचूक होता की नेम धरून देणारा चोरटा प्रोग्रॅम ती वापरते असा आरोप झाला. शेवटी तिला स्टुडिओत बसून, हातांवर कॅमेरा रोखलेला, सगळ्यांसमोर खेळून दाखवावं लागलं. खेळ बनवणाऱ्या कंपनीनंही ती निर्दोष असल्याचं सांगितलं. २०१८ मध्ये ती ओव्हरवॉच लीगमध्ये खेळणारी पहिली स्त्री ठरली. अग्निपरीक्षेला आता कॅमेरा असतो, एवढाच फरक.

त्याच देशात २०१६च्या जुलैत किम जा-यॉन या आवाज-कलावंत स्त्रीनं मुलींना राजपुत्राची गरज नाही अशा अर्थाचं वाक्य छापलेला टी-शर्ट घातल्याचं छायाचित्र टाकलं. गिऱ्हाइकांनी ओरड केली आणि नेक्सॉन कंपनीनं आपल्या खेळातून तिचा आवाज काढून टाकला. पण तिथल्या बायकांनी काय केलं तेही पाहा. ओव्हरवॉचमध्ये डी.व्हा नावाची एक कोरियन मुलगी आहे, भविष्यकाळातली, खेळाडूची सैनिक झालेली. अशी मुलगी घडू शकेल असा समाज आत्ताच तयार करायला हवा, म्हणून त्यांनी तिच्या नावानं संघटना काढली आणि जानेवारी २०१७च्या सोलमधल्या स्त्रियांच्या मोर्च्यात तिचं सशाचं चिन्ह असलेला झेंडा घेऊन चालल्या. खेळातलं चित्र मोर्च्यात! आपल्या मोर्च्यांत आपण सावित्रीबाईंचं चित्र नेतो. आपल्या मुलींनी उद्या कोणाचं आणलं तर आपण हसू का?

‘ते काही खरं नसतं, बंद कर की झालं’, हे उत्तर देण्याचा मोह आपल्यालाही होतो. या उत्तराला तीसहून अधिक वर्षं झाली. १९९३ साली लॅम्डामू नावाच्या जागी, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या एका संगणकावर, अनेक जण एका काल्पनिक घरात फक्त शब्दांतून वावरत. चित्र नाही, आवाज नाही. तिथं एकानं एका प्रोग्रॅमच्या जोरावर दुसऱ्यांच्या पात्रांकडून त्यांच्या इच्छेविरुद्ध लैंगिक अत्याचाराची कृत्यं ‘करवली’, सगळ्यांदेखत. ज्युलियन डिबेल या पत्रकारानं त्या वर्षीच्या डिसेंबरात त्यावर लिहिलं. ज्यांच्यावर हे झालं त्यांतल्या एका बाईला त्याबद्दल लिहिताना रडू आवरलं नव्हतं. शब्दच ते, पण शिवीही शब्दच असते. तिथल्या लोकांनी बैठक घेतली, जवळजवळ तीन तास वाद घातला आणि निर्णयाविना उठले. शेवटी एका व्यवस्थापकानं स्वतःच्या अधिकारात त्या पात्राला कायमचं काढून टाकलं. यानंतर तिथं रहिवाशांनीच ठराव मांडावेत आणि मतदान करावं अशी पद्धत आली. म्हणजे पहिली गोष्ट त्यांनी केली ती ग्रामसभा. आजच्या खेळांत ग्रामसभा नाही, नियम कंपनी करते. आणि कंपनीचं घर कसं आहे? व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सनं स्वतःच्या कार्यालयातल्या स्त्रियांना मिळालेल्या भेदभावाच्या वागणुकीबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये दहा कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

आमच्या केंद्रात यावर वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, कायदा आहे, वापरा. आहे खरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक शेरेबाजीसाठी कलम ७५, नको म्हटलेलं असताना इलेक्ट्रॉनिक मार्गानं मागे लागण्यासाठी कलम ७८, स्त्रीच्या लज्जेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९ आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार देता येते. कोणी सामन्यानंतरही माग काढत आला, धमकी लेखी दिली, छायाचित्रं मागितली, तर त्याचं खेळातलं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. विंडोज, ऑल्ट आणि आर दाबलं की चालू खेळाचं चित्रणही होतं. पण मुलीला विचारलं तेव्हा तिला कायद्याची धास्ती नव्हतीच. ती म्हणाली, ‘‘घरी कळलं की काय होईल? कॉम्प्युटर काढून घेतील.’’

मैत्रिणींनो, बसमध्ये, कॉलेजच्या वाटेवर आपल्याला छेडलं जायचं तेव्हा आपल्यापैकी कितीजणींनी घरी सांगितलं? सांगितलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. गुन्हा त्याचा आणि शिक्षा आपल्या शिक्षणाला, हे माहीत असल्यामुळे आपण गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्याला घरचे ‘आमच्या मुलीला कधी त्रास झाला नाही’ असं म्हणत राहिले. ‘व्हाय लॉइटर?’ हे मुंबईतल्या स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांविषयीचं पुस्तक २०११ साली आलं, तेव्हा काम नसतानाही रस्त्यावर रेंगाळण्याचा हक्क मागणं अनेकींना चैनीचं वाटलं होतं. खेळणं हे तसंच रेंगाळणं आहे. शिकायला इंटरनेट हवं म्हटलं तर घरून मिळतं. खेळायला हवं म्हटलं की ‘कशाला?’ भावाला हा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

मुलींचे वेगळे संघ, वेगळ्या स्पर्धा असाव्यात का, यावर आमचं एकमत झालं नाही. व्हॅलोरंटमध्ये स्त्रियांसाठी आणि इतर वंचित लिंगभावाच्या खेळाडूंसाठी २०२१ पासून गेम चेंजर्स नावाच्या स्पर्धा झाल्या. त्यावर मुलं म्हणतात, गुणवत्ता असेल तर या ना सगळ्यांत. हे वाक्य ऐकून आम्हाला १९९३ साली लागू झालेली ७३वी घटनादुरुस्ती आठवली. तेव्हा ‘सहीपुरत्या सरपंच’ म्हणून हेच बोललं गेलं होतं. त्यातल्या कितीजणी पुढे खुल्या जागेवरून निवडून आल्या ते तुम्ही आपापल्या तालुक्यात पाहिलं आहे. दुसरी बाजूही खरी. वेगळी खोली मिळाली की मोठ्या खोलीतल्यांना बदलावं लागत नाही. मला स्वतःला आधी वेगळी खोली हवी असं वाटतं. निदान पाच ओळखीचे आवाज असलेली.

तेवढं जमलं आहे. तिच्या कॉलेजातल्या दोघी, तिची एक मावसबहीण, आणि इचलकरंजीची एक मुलगी जी दोन वर्षं तिच्याविरुद्ध मुलाच्या नावानं खेळत होती आणि तीही माईक बंद ठेवून! या पाचजणी शुक्रवारी रात्री एकत्र खेळतात. पाचही जणी बोलतात, फार बोलतात असं आईचं म्हणणं आहे. नियम त्यांनीच केले. भाषेवरून, जातीवरून कोणाला हसायचं नाही हा नियम हिनं घालायला लावला. साडेदहाला बंद करायचं हा आईचा. गेल्या शुक्रवारी त्या तेरा विरुद्ध चार अशा हरल्या.

मे महिन्याच्या युवती शिबिरात अर्धा दिवस यंत्रासाठी ठेवला आहे. टेलिफोनवाली मैत्रीण येणार आहे. ज्यांच्या केंद्रात, घरात जुना सीपीयू पडून असेल त्यांनी तो घेऊन यावा, सोबत एक स्टारचा स्क्रू ड्रायव्हर आणि रंगाचा कोरडा ब्रश. मुलींना बरोबर आणा, आयांनाही. आणि तुमच्याकडच्या मुली काय खेळतात, कोणाच्या नावानं खेळतात, हे त्यांना विचारून आम्हाला लिहा. पुढच्या अंकात चार पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.

तुमची,
संपादक मंडळातर्फे